परकीय चलन बदलताना: दर वाचायचा कसा, खर्च काढायचा कसा

फोनवर दर पाहिला, मनात एक रक्कम धरली, आणि काउंटरवर किंवा बँकेत गेल्यावर हातात त्यापेक्षा कमी पैसे पडले. पहिल्यांदा चलन बदलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो आणि आपण फसवले गेलो असं वाटतं. बहुतेक वेळा ती फसवणूक नसते. तुम्ही पाहिलेला दर वेगळा असतो आणि तुम्हाला मिळालेला दर वेगळा. या दोहोंतला फरक म्हणजेच त्या सेवेची खरी किंमत. पावतीवर ती सहसा ठळक छापलेली नसते, आपली आपणच काढावी लागते. त्यासाठी शाळेतलं त्रैराशिक पुरतं, आणि ते येणाऱ्या कुणालाही स्वतःचे बरेच पैसे वाचवता येतात.

पुढच्या हिशेबांतले दर समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष व्यवहाराच्या दिवशी त्या दिवसाचे दर घ्या.

पायरी १: चलन नेमकं कोणतं ते ठरवा

नुसतं 'डॉलर' म्हणून भागत नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, हाँगकाँग या सगळ्यांचे आपापले डॉलर आहेत आणि प्रत्येकाचं मोल निराळं आहे. चिन्हावरही विसंबू नका. डॉलरचं चिन्ह मेक्सिकोच्या पेसोलाही लावतात, आणि जपानी येन व चिनी युआन यांचं चिन्ह एकच आहे. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँड या चारही देशांच्या चलनांची नावं ऐकायला सारखीच वाटतात, पण ती चार स्वतंत्र चलनं आहेत.

हा घोळ टाळण्यासाठी प्रत्येक चलनाला तीन अक्षरी कोड दिलेला असतो. आयएसओ ४२१७ हे त्याचं मानक १९७८ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. साधारणपणे पहिली दोन अक्षरं देशाची आणि तिसरं चलनाच्या नावाचं असतं: अमेरिकी डॉलर यूएसडी, कॅनडाचा डॉलर सीएडी, ब्रिटिश पौंड जीबीपी, जपानी येन जेपीवाय. स्विस फ्रँकचा कोड सीएचएफ आहे. त्यातलं सीएच हे स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावातून आलंय, म्हणून ओळखीचं वाटत नाही. फॉर्म भरताना, ॲपमध्ये चलन निवडताना, बँकेशी बोलताना हा कोडच वापरा.

आणखी दोन गोष्टी इथेच पाहून घ्या. पहिली, दशांश. येनच्या रोजच्या व्यवहारात दशांश नसतोच, तर कुवेती दिनाराचे १,००० फिल्स होतात, म्हणजे तिथे दशांशानंतर तीन घरं. दुसरी, आकडा लिहिण्याची रीत. युरोपातल्या बऱ्याच देशांत हजारांपुढे टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात. तिथल्या बिलावर १.२५० असं दिसलं, तर ते सव्वा नाही, साडेबाराशे आहे. इराणमध्ये तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अधिकृत चलन रियाल, पण बाजारात लोक वर्षानुवर्षं तोमानमध्ये बोलत आले आहेत, आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. तोंडी भाव आणि नोटेवरचा आकडा यांत दहापट फरक पडतो.

पायरी २: दर कुठल्या दिशेनं लिहिलाय ते पाहा

नवख्यांच्या सर्वाधिक चुका या पायरीवर होतात, म्हणून घाई करू नका.

'युरो-डॉलर १.१०' याचा अर्थ एका युरोला १.१० डॉलर. जोडीत जे चलन आधी लिहिलंय ते नेहमी 'एक' धरायचं, आणि समोरचा आकडा दुसऱ्या चलनाचा. 'डॉलर-येन १५०' म्हणजे एका डॉलरला १५० येन. एवढं पक्कं झालं की नियम सरळ आहे: पहिल्या चलनातून दुसऱ्यात जायचं असेल तर गुणा, दुसऱ्यातून पहिल्यात यायचं असेल तर भागा.

५०० युरोचे डॉलर करायचेत. ५०० गुणिले १.१०, म्हणजे ५५० डॉलर. आता उलट, ५०० डॉलरचे युरो करायचेत. ५०० भागिले १.१०, म्हणजे ४५४.५५ युरो.

गुणायचं की भागायचं हे गडबडीत सुचलं नाही, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: या दोहोंत कुठल्या चलनाचं एक नाणं जास्त मोलाचं आहे? जास्त मोलाच्या चलनात गेलात की आकडा लहान व्हायला हवा, कमी मोलाच्या चलनात गेलात की मोठा. उत्तर याच्या उलट आलं तर हिशेब उलटा झालाय. कॅल्क्युलेटर कितीही चांगला असला तरी ही चूक तो दाखवून देत नाही.

दर उलटा करायची वेळ आली, म्हणजे 'एका येनला किती डॉलर' असं हवं असेल, तर १ भागिले १५० करा. उत्तर ०.००६६६६७. इथे आकडा छाटण्याचा मोह आवरा. २,००,००० येनचे खरे डॉलर होतात १,३३३.३३. पण ०.००७ असा गोल केलेला दर घेऊन गुणलंत तर उत्तर येतं १,४००. नुसत्या गोल करण्यानं ६६ डॉलरांहून अधिक चूक झाली. लहान आकड्याच्या दरानं गुणण्यापेक्षा मोठ्या आकड्याच्या दरानं भागावं हे बरं.

टक्केवारीतही असाच चकवा आहे. एका डॉलरला १०० मिळत होते, आता १२५ मिळतात. डॉलर २५ टक्के वधारला. मग समोरचं चलन २५ टक्के घसरलं का? नाही. आधी त्याच्या एका एककाला ०.०१ डॉलर येत होता, आता ०.००८ येतो, म्हणजे ते २० टक्के घसरलं. दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त 'एक' कशाला धरलंय ते वेगळं. बातमी वाचताना टक्केवारी कुणाच्या बाजूनं मोजलीय ते बघा.

आणि एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. एका डॉलरला १५० येन मिळतात म्हणून जपानची अर्थव्यवस्था दुबळी ठरत नाही. एककाचा आकार केवढा ठेवायचा ही सोयीची बाब आहे. तुर्कस्ताननं २००५ साली आपल्या लिरातली सहा शून्यं काढून टाकली आणि दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा झाली. त्या रात्रीत देश ना श्रीमंत झाला ना गरीब. चलन बळकट आहे की नाही, हे त्याचा दर काळानुसार कुठे सरकतोय आणि त्या पैशात किती वस्तू येतात यावरून कळतं.

पायरी ३: मधला दर शोधा आणि लिहून ठेवा

चलनबाजारात कुठल्याही क्षणी दोन भाव असतात. घेणारा ज्या भावाला घ्यायला तयार आहे तो एक आणि विकणारा ज्या भावाला द्यायला तयार आहे तो दुसरा. या दोहोंच्या बरोबर मधला आकडा म्हणजे मधला दर, इंग्रजी धाटणीनं मिड-मार्केट रेट. शोधयंत्रात किंवा चलनाच्या ॲपमध्ये जो आकडा दिसतो तो साधारणपणे हाच. बड्या बँका आपापसांत मोठ्या रकमांचे व्यवहार करतात ते याच्या अगदी जवळपास. तिथे दर चौथ्या दशांशापर्यंत मोजतात आणि त्या घरातल्या एका अंकाला 'पिप' म्हणतात. येनच्या जोड्यांत पिप दुसऱ्या दशांशावर असतो.

तुम्हाआम्हाला हा दर सहसा मिळत नाही. तरीही तो लागतो, कारण मिळालेल्या दराची तुलना करायला एक तटस्थ मापदंड हवा. युरोपियन सेंट्रल बँक युरोचे संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते, आणि ते माहितीपुरते आहेत, व्यवहारासाठी वापरू नयेत, असं स्वतःच स्पष्ट सांगते. संदर्भ दर आणि व्यवहाराचा दर यांतला भेद अगदी वरपासून आहे तो असा.

दोन चलनांचा थेट दर सापडला नाही तर डॉलरमार्फत काढा. एका पौंडाला १.२५ डॉलर आणि एका डॉलरला १५० येन असतील, तर एका पौंडाला १.२५ गुणिले १५०, म्हणजे १८७.५ येन. याला क्रॉस रेट म्हणतात. डॉलरच का? कारण जगातले बहुतेक चलनव्यवहार डॉलरवरूनच जातात. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीत रोजची उलाढाल सुमारे ७.५ लाख कोटी डॉलर होती आणि ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला अमेरिकी डॉलर होता.

कागदावर क्रॉस रेट काढण्यात काही जात नाही. पण प्रत्यक्षात पैसे दोनदा बदलावे लागले तर दोनदा कात्री लागते. प्रत्येक वेळी ३ टक्के गेले तर हाती उरतात ०.९७ गुणिले ०.९७, म्हणजे ९४.०९ टक्के. 'आधी डॉलर घेऊन ठेवू, तिथे गेल्यावर बदलू' हा सल्ला ऐकण्याआधी हा गुणाकार करा. तिथलं चलन थेट मिळतच नसेल, किंवा थेट मिळणारा दर फारच वाईट असेल, तर हा मार्ग ठीक आहे. एरवी नाही.

पायरी ४: फलकावरचे दोन आकडे

चलन बदलून देणाऱ्याच्या फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात, खरेदी आणि विक्री. ध्यानात ठेवायचं एवढंच की हे शब्द दुकानाच्या बाजूनं लिहिलेले असतात, तुमच्या नव्हे. 'खरेदी' म्हणजे दुकान ते परकीय चलन तुमच्याकडून ज्या भावानं घेईल तो. 'विक्री' म्हणजे तुम्हाला ज्या भावानं देईल तो. तुम्हाला लागू होणारा आकडा नेहमी तुमच्या गैरसोयीचा असतो. संभ्रम झाला तर दोहोंतला वाईट तो तुमचा, असं धरा.

समजा मधला दर एका युरोला १.१० डॉलर आहे आणि फलकावर खरेदी १.०५, विक्री १.१५ लिहिलंय. तुमच्याकडे १,००० डॉलर आहेत, युरो हवेत. १,००० भागिले १.१५, म्हणजे ८६९.५७ युरो. पुढच्याच क्षणी बेत रद्द झाला आणि त्याच खिडकीत तुम्ही ते युरो परत दिलेत. ८६९.५७ गुणिले १.०५, म्हणजे ९१३.०५ डॉलर. दर हललेला नाही, शुल्क म्हणून एक सेंटही घेतलेला नाही, आणि ८७ डॉलर गेले.

या दोन आकड्यांतल्या अंतराला स्प्रेड म्हणतात. ते अंतर जितकं मोठं, तितका व्यवहार महाग. ज्या चलनाची उलाढाल कमी, त्याचा स्प्रेड मोठा, कारण ते घेऊन ठेवलं तर खपेल की नाही याचा धोका दुकानदार सोसत असतो. नोटा आणायच्या, सांभाळायच्या, त्यांचा विमा उतरवायचा, हा खर्चही त्यातच असतो. म्हणून रोख रकमेचा स्प्रेड खात्यातून होणाऱ्या व्यवहारापेक्षा सहसा मोठा असतो. विमानतळ किंवा सीमेवरच्या खिडक्यांत तो आणखी रुंद दिसतो, कारण तिथे आलेल्याला पर्याय नसतो. फलकावर एकच आकडा दिसला तर दुसरा विचारून घ्या. दोन्ही आकडे कळले की मधल्या दराशिवायही त्या दुकानाचा अंदाज बांधता येतो.

पायरी ५: खरी किंमत काढा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. माझं ठाम मत आहे की चलन बदलताना दर आणि शुल्क यांची स्वतंत्र तुलना करणं निरुपयोगी आहे. तुलना करायची ती एकाच गोष्टीची: माझ्याकडून सगळं मिळून किती गेलं, आणि पलीकडे प्रत्यक्ष किती पोहोचलं.

'शून्य कमिशन' ही पाटी खरी असू शकते आणि तरीही तो व्यवहार सगळ्यांत महाग असू शकतो, कारण कमाई दरातच घातलेली असते. एक उदाहरण पूर्ण सोडवू.

तुम्हाला १,००० डॉलर युरोत पाठवायचेत. मधला दर एका डॉलरला ०.९०९१ युरो, म्हणजे काहीही न कापता ९०९.१० युरो व्हायला हवेत. पहिली सेवा शुल्क घेत नाही आणि ०.८८ दर देते. पोहोचतील ८८० युरो. दुसरी सेवा ८ डॉलर शुल्क घेते आणि ०.९०५ दर देते. ९९२ गुणिले ०.९०५, म्हणजे ८९७.७६ युरो. पहिलीचा खरा खर्च २९ युरोंच्या वर, साधारण ३.२ टक्के. दुसरीचा ११ युरोंच्या वर, साधारण सव्वा टक्का. शुल्क घेणारी सेवा स्वस्त निघाली.

आता रक्कम बदलून पाहा. पाठवायचे फक्त १०० डॉलर. पहिलीत ८८ युरो पोहोचतात. दुसरीत ९२ गुणिले ०.९०५, म्हणजे ८३.२६. इथे बाजू पालटली. ठरावीक शुल्काचं ओझं लहान रकमेला जास्त जाणवतं, आणि दरातली कपात मोठ्या रकमेला जास्त खाते. या दोन सेवांचा तोल साधारण २९० डॉलरला सारखा होतो: त्याखाली पहिली बरी, त्यावर दुसरी. 'कोणती सेवा चांगली' या प्रश्नाला रकमेवाचून उत्तर नाही. एखाद्याचा अनुभव ऐकताना त्यानं किती रक्कम पाठवली होती तेही विचारा.

सूत्र म्हणून लिहायचं तर असं: मधल्या दरानं जी रक्कम व्हायला हवी होती, त्यातून प्रत्यक्ष मिळालेली वजा करा, आलेला फरक व्हायला हव्या असलेल्या रकमेनं भागा आणि शंभरानं गुणा. खर्चाची टक्केवारी मिळाली. कोटेशन घेताना दरही विचारू नका आणि शुल्कही विचारू नका. 'माझ्या खात्यातून बरोबर इतके गेले, तर पलीकडे किती जमा होतील?' एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दोन सेवांची तुलना करताना ही उत्तरं एकाच वेळी घ्या. सकाळचा एक आकडा आणि संध्याकाळचा दुसरा यांच्यामध्ये बाजारही हललेला असतो.

पायरी ६: कार्ड वापरताना

कार्डानं पैसे दिले की दर सहसा कार्ड नेटवर्क ठरवतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचेही दर मोजून दाखवणारी पानं त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. हे दर मधल्या दराच्या बऱ्यापैकी जवळ असतात. खर्च वाढतो तो कार्ड देणाऱ्या बँकेच्या परकीय व्यवहार शुल्कानं, म्हणून निघण्याआधी आपल्या कार्डाचं शुल्कपत्रक एकदा वाचा. एटीएममधून रोख काढलीत तर बँकेचं शुल्क, मशीनच्या मालकाचं शुल्क, आणि क्रेडिट कार्ड असेल तर त्या दिवसापासूनचं व्याज, असं तिहेरी ओझं पडू शकतं. रोख हवीच असेल तर डेबिट कार्ड वापरा आणि थोडी-थोडी काढण्यापेक्षा एकदाच बेताची काढा.

मशीनच्या पडद्यावर कधीकधी एक प्रश्न येतो: बिल तुमच्या स्वतःच्या देशाच्या चलनात हवं की इथल्या? स्वतःच्या चलनातला आकडा ओळखीचा दिसतो आणि बोट तिकडेच जातं. तसं करू नका. ते बटण दाबलंत की दर ठरवण्याचा हक्क तुमच्या कार्ड नेटवर्ककडून निघून दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीकडे जातो, आणि तो दर बहुतेक वेळा वाईटच असतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. दरवेळी जिथे आहात तिथलं चलन निवडा. एटीएमवर हाच प्रश्न 'रूपांतर स्वीकारा' अशा शब्दांत येतो. नकार दिलात तरी पैसे मिळतात, फक्त रूपांतर तुमच्या बँकेकडून होतं. विक्रेत्यानं न विचारता तुमच्या चलनात बिल काढलं असेल तर सही करण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी ते रद्द करून पुन्हा काढायला सांगा.

व्यवहार झाला तो दिवस आणि खात्यात नोंद पडली तो दिवस वेगळा असू शकतो, त्यामुळे दरही थोडा वेगळा पडतो. वस्तू परत केलीत तर परतावा परताव्याच्या दिवसाच्या दरानं येतो. दिलेली रक्कम आणि परत आलेली रक्कम जुळली नाही, तर आधी हे तपासा.

पायरी ७: खात्यातून खात्यात पाठवताना

आंतरराष्ट्रीय बँक हस्तांतरणात पैसे बरेचदा थेट जात नाहीत. तुमच्या बँकेचं आणि पलीकडच्या बँकेचं एकमेकींकडे खातं नसेल तर मध्ये एक किंवा दोन मध्यस्थ बँका येतात आणि त्या आपलं शुल्क त्याच रकमेतून कापून घेतात. १९७३ साली स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था बँकांमधले संदेश पोहोचवते, पैसे स्वतः नेत नाही. संदेशात शुल्क कुणी सोसायचं ते तीन कोडांपैकी एकानं सांगितलेलं असतं: ओयूआर म्हणजे सगळं पाठवणाऱ्यानं, बीईएन म्हणजे सगळं घेणाऱ्यानं, एसएचए म्हणजे दोघांनी वाटून. शिक्षणसंस्थेची फी किंवा घरभाडं अशी नेमकी रक्कमच पोहोचायला हवी असेल तर ओयूआर मागा. नाहीतर थोडी रक्कम कमी पडते, आणि ती भरायला पुन्हा पूर्ण शुल्क देऊन दुसरं हस्तांतरण करावं लागतं.

रूपांतर कुठल्या टोकाला होणार हेही आधी ठरवा. तुम्ही आपल्या चलनात पाठवलेत तर पलीकडची बँक आपल्या दरानं बदलते, आणि तो दर तुम्हाला आधी कळत नाही. दर आधी कळावा अशी इच्छा असेल तर रूपांतर आपल्या बाजूनं करून पाठवा. आणि नाव, खाते क्रमांक, बँकेचा कोड दोनदा तपासा. चुकीच्या तपशिलामुळे पैसे परत फिरले तर ते पुन्हा उलट्या दरानं बदलून येतात आणि चौथ्या पायरीतलं दुहेरी नुकसान इथेही होतं.

पायरी ८: आज बदलावं की थांबावं?

याआधी एक गोष्ट पाहा: तुमच्या चलनाचा दर तरंगता आहे की बांधलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेनं आखलेल्या व्यवस्थेत बहुतेक चलनं डॉलरला बांधलेली होती आणि डॉलर सोन्याला, एका औंसाला ३५ डॉलर या दरानं. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलर देऊन सोनं घेण्याची सोय बंद केली आणि १९७३ पर्यंत मोठी चलनं तरंगू लागली. तेव्हापासून त्यांचा दर मागणी-पुरवठ्यावर क्षणाक्षणाला ठरतो. व्याजदर वाढले की बाहेरचा पैसा त्या चलनाकडे ओढला जातो. महागाई इतरांपेक्षा सतत जास्त राहिली की चलन झिजत जातं. आयात-निर्यात, राजकीय अस्थैर्य, मध्यवर्ती बँकेचा हस्तक्षेप, हे सगळं त्यात मिसळतं.

काही चलनं आजही बांधलेली आहेत. सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ वर आहे. हाँगकाँग डॉलर ७.७५ ते ७.८५ या पट्ट्यात ठेवला जातो. अशा जोडीत दर सुधारायची वाट पाहण्यात अर्थ नाही, लक्ष शुल्क आणि स्प्रेडवर द्या. पण बांधलेलं सुटू शकतं हेही खरं. स्विस नॅशनल बँकेनं एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा राखली होती. १५ जानेवारी २०१५ रोजी ती अचानक काढून टाकली आणि काही मिनिटांत फ्रँक झपाट्यानं वधारला. फ्रँकमध्ये कर्ज घेऊन दुसऱ्या चलनात कमावणाऱ्यांवर त्याचा मोठा बोजा पडला. कमाई एका चलनात आणि देणं दुसऱ्यात, हा धोका आधीच ओळखून ठेवा.

तरंगत्या चलनाचा पुढच्या महिन्याचा दर मात्र कुणालाही खात्रीनं सांगता येत नाही. रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ साली दाखवून दिलं की त्या वेळची प्रतिष्ठित आर्थिक प्रतिमानं जवळच्या काळाचा दर वर्तवताना 'आजचाच दर उद्या राहील' या साध्या गृहीतकापेक्षा सरस ठरत नव्हती. म्हणून 'थांबा, दर नक्की सुधारेल' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर, विशेषतः तो त्याबद्दल पैसे मागत असेल तर, विश्वास ठेवू नका. रक्कम लहान असेल तर गरज पडेल तेव्हा बदलून मोकळे व्हा. मोठी असेल आणि देणं काही महिन्यांवर असेल, तर ती तीन-चार भागांत बदला. सगळी रक्कम वाईट दिवशी सापडण्याची भीती त्यानं कमी होते. मुदतीच्या दिवसाचा दर आजच पक्का करून देणारा फॉरवर्ड करारही काही बँका आणि सेवा देतात. त्यात पुढे दर तुमच्या बाजूनं गेला तरी ठरलेल्याच दरानं व्यवहार करावा लागतो, हे समजून सही करा.

शनिवार-रविवारी घाऊक बाजार बंद असतो. सोमवारी दर कुठे उघडेल याची धास्ती म्हणून काही सेवा त्या दोन दिवसांत दरावर जादा मार्जिन लावतात. निकड नसेल तर कामकाजाच्या दिवशी बदला.

पायरी ९: रोख घेताना आणि उरल्यावर

खिडकी सोडण्याआधी नोटा तिथेच मोजा. पावतीवर तारीख, दर, दिलेली आणि मिळालेली रक्कम आहे ना पाहा, आणि परत येईपर्यंत ती पावती जपा. काही ठिकाणी उरलेलं चलन पुन्हा बदलून घ्यायला ती लागते. फाटक्या, लिहिलेल्या, फार जुन्या नोटा घेऊ नका, पुढे कुणी घेत नाही. नाणी बहुतेक ठिकाणी परत बदलून मिळत नाहीत, ती शेवटच्या खरेदीत संपवा. किती रोख सोबत न्यायची आणि किती जाहीर करायची याचे नियम दोन्ही देशांचे तपासा. काही देश आपलं चलन सीमेबाहेर नेऊच देत नाहीत.

जिथे चलनावर सरकारी निर्बंध असतात तिथे अधिकृत दराशेजारी एक समांतर दर चालतो. रस्त्यात कुणी त्या दरानं बदलून द्यायला आला तर आकडा मोहात पाडतो. पण बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे आणि खोट्या नोटा खपवण्याची ती नेहमीची जागा आहे. तिथे जाणं टाळाच.

घरात जुन्या, चलनातून गेलेल्या नोटा सापडल्या तर त्यांचा दर बाजारात शोधू नका. युरोत विलीन झालेल्या चलनांचे दर कायमचे गोठवलेले आहेत: एका युरोला १.९५५८३ जर्मन मार्क, ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, आणि १ जानेवारी २०२३ पासून ७.५३४५० क्रोएशियन कुना. जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्क आजही मुदतीशिवाय बदलून देते. फ्रेंच फ्रँकच्या नोटा बदलायची मुदत मात्र १७ फेब्रुवारी २०१२ रोजी संपली. तेव्हा मध्यस्थाकडे जाण्याआधी त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर मुदत उरलीय का ते पाहा. उरली असेल तर पूर्ण दर्शनी किंमत तिथेच मिळते.